घनमूळ की वर्गमूळ? पाण्यातील धातुक्षारांच्या ऊष्मागतिक मॉडेलांची शंभर वर्षे

प्रास्ताविक

रासायनिक अभियांत्रिकी, धातुशास्त्र किंवा पर्यावरण अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कधी ना कधी हा प्रश्न भेटतो: पाण्यात अमुक इतका क्षार विरघळवला, तर त्यातला किती क्षार ‘प्रत्यक्ष काम करतो’? तांब्याच्या विद्युत शुद्धीकरणाच्या टाकीतला विभव, बाष्पित्रातल्या खाऱ्या पाण्याचा उत्कलनबिंदू, पाइपात जमणारी जिप्समची खपली, मिठागरात मीठ नेमके कधी खाली बसेल याचा अंदाज, या सगळ्या गणितांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

पाठ्यपुस्तकात याचे उत्तर तीन-चार समीकरणांच्या रूपात येते. डेबाय-ह्युकेल, डेव्हिस, पिट्झर अशी नावे एकाखाली एक दिलेली असतात, आणि खालचे वरच्यापेक्षा सुधारलेले एवढाच त्यांचा संबंध आहे असे वाटते. इतिहास इतका सरळ नाही. १८८४ ते १९८४ या शंभर वर्षांत प्रत्येक मॉडेलने आधीच्या मॉडेलचे एक विशिष्ट गृहीतक सोडून दिले. कोणते गृहीतक, कोणत्या आकड्यांमुळे आणि कुठल्या संहतीला सोडावे लागले, हे कळले की समीकरण पाठ करण्याची गरज बरीच कमी होते. या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा कोलकात्यात घडला. आपल्याकडे त्याचा उल्लेख एक तर अभिमानापुरता होतो किंवा होतच नाही. तो थोडा सविस्तर पाहू.

१. आऱ्हेनियस यांचे उत्तर

साखरेसारखा पदार्थ एक मोल घेऊन एक किलोग्रॅम पाण्यात विरघळवला, तर पाण्याचा गोठणबिंदू सुमारे १.८६ अंश सेल्सिअसने उतरतो. फ्रान्समध्ये राउल्ट यांनी १८८०च्या दशकात अशी असंख्य मापने केली. पदार्थ कोणता आहे याला फारसे महत्त्व नाही, कण किती आहेत याला आहे, हे त्यांतून स्पष्ट झाले. नेदरलँड्सच्या व्हान्ट हॉफ यांनी विरल द्रावणाचा परासरण दाब आणि वायूचा दाब यांचे नियम सारखेच आहेत हे दाखवले. पण क्षार या नियमात बसत नव्हते. खाण्याचे मीठ गोठणबिंदू जवळजवळ दुपटीने उतरवत होते. म्हणून व्हान्ट हॉफ यांना समीकरणात एक गुणक घालावा लागला. ०.१ मोलल मिठासाठी तो १.८७ येतो, तर त्याच संहतीच्या मॅग्नेशियम सल्फेटसाठी फक्त १.२१.

हा गुणक कुठून येतो याचे उत्तर स्वीडनच्या स्वान्ते आऱ्हेनियस यांनी दिले. क्षार पाण्यात पडताच त्याचे काही रेणू धन आणि ऋण आयनांत विभागले जातात, विद्युतप्रवाह नसतानाही. १८८४ साली उप्साला विद्यापीठात सादर केलेल्या त्यांच्या प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली होती. १८८७ मध्ये त्यांनी सिद्धांत पूर्ण रूपात मांडला आणि १९०३ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. किती टक्के रेणू फुटले हे विचरणाचे प्रमाण मोजण्याची सोपी रीतही त्यांनी सुचवली: प्रत्यक्ष मोलर वाहकतेला अनंत विरलतेच्या मोलर वाहकतेने भागा.

ऑस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये या प्रमाणाला समतोलाच्या नियमात बसवले. विचरणाचा वर्ग गुणिले संहती, भागिले न फुटलेला अंश. ही राशी स्थिर राहिली पाहिजे. ॲसेटिक आम्लासाठी ती उत्तम स्थिर राहते. पण पोटॅशियम क्लोराइडचे २५ अंश सेल्सिअसचे आकडे घेऊन स्वतः करून पाहा. अनंत विरलतेची मोलर वाहकता १४९.८६ सीमेन्स-चौरस सेंमी प्रति मोल आहे.

| संहती (मोल प्रति लिटर) | मोलर वाहकता | विचरणाचे प्रमाण | ऑस्टवाल्डचा ‘स्थिरांक’ |
|---|---|---|---|
| ०.००१ | १४६.९५ | ०.९८१ | ०.०५० |
| ०.०१ | १४१.२७ | ०.९४३ | ०.१५५ |
| ०.१ | १२८.९६ | ०.८६१ | ०.५३१ |

संहती शंभरपट झाली तर ‘स्थिरांक’ दहापटीहून जास्त वाढला! याला मापनातली चूक म्हणता येणार नाही. त्या काळच्या लेखनात याला ‘तीव्र विद्युत अपघटनींची विसंगती’ असे नाव पडले, आणि पुढची तीस वर्षे रसायनशास्त्रज्ञ तिच्याशी झगडत राहिले.

२. दोन वेगळ्या वाटा

विसंगतीला सामोरे जाण्याचे दोन मार्ग निघाले.

पहिला अमेरिकेच्या गिल्बर्ट लुईस यांचा. त्यांनी १९०७ मध्ये सक्रियता, म्हणजे ॲक्टिव्हिटी, ही संकल्पना मांडली. आयन कसे वागतात याचे चित्र नसले तरी हिशेब अडू नये, अशी ही योजना होती. ऊष्मागतिकीच्या सूत्रात संहतीच्या जागी सक्रियता घालायची आणि दोहोंच्या गुणोत्तराला सक्रियता गुणांक म्हणायचे. हा गुणांक प्रयोगातून मोजता येतो: बाष्पदाबावरून, गोठणबिंदूवरून, विद्युतघटाच्या विभवावरून किंवा विद्राव्यतेवरून. १९२१ मध्ये लुईस आणि रँडल यांनी आयनिक बल ही राशी आणली. प्रत्येक आयनाची संहती गुणिले त्याच्या प्रभाराचा वर्ग, या सगळ्यांची बेरीज करून तिचे निम्मे घ्यायचे. विरल द्रावणात एखाद्या क्षाराचा गुणांक या एकाच आकड्यावर अवलंबून असतो, इतर आयन कोणते आहेत यावर नाही, असे त्यांना मोजमापांतून आढळले. तसे का व्हावे, हे मात्र तेव्हा कोणाला सांगता येत नव्हते.

दुसरी वाट भौतिक चित्राची. डेन्मार्कच्या नील्स ब्येरम यांनी क्रोमियम क्षारांच्या द्रावणांचे रंग तपासले. आऱ्हेनियस म्हणतात तसे न फुटलेले रेणू संहतीनुसार कमी-जास्त होत असतील, तर प्रकाशाचे शोषणही बदलायला हवे. तसे झाले नाही. १९०९ मध्ये ब्येरम यांनी निष्कर्ष मांडला की तीव्र अपघटनी पूर्णच फुटलेले असतात. वाहकता कमी होते ती रेणू उरल्यामुळे नव्हे, तर आयन एकमेकांना विद्युत बलाने ओढतात म्हणून.

मग या ओढीचे गणित कसे करायचे? इंग्लंडमध्ये मिल्नर यांनी १९१२ च्या सुमारास संख्याशास्त्रीय पद्धतीने ते केले. त्यांची दिशा योग्य होती. पण आकडेमोड इतकी किचकट होती आणि शेवटी हाताशी घेता येईल असे सुटसुटीत सूत्र नव्हते, की त्यांच्या कामाकडे फारसे कोणी वळले नाही.

३. कोलकाता, १९१८

ज्ञानचंद्र घोष हे प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी, आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या शिष्यांपैकी. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा त्यांचे समकालीन. एम.एस्सी. झाल्यावर ते कोलकाता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात शिकवू लागले. पहिले महायुद्ध चालू होते. अशा काळात, पंचविशीही पूर्ण न झालेल्या या अध्यापकाचे तीव्र अपघटनींच्या विसंगतीवरील निबंध १९१८ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात लागोपाठ प्रसिद्ध झाले.

घोष यांचे गृहीतक थोडक्यात असे. क्षार प्रत्येक संहतीला पूर्ण आयनीभूत असतो. द्रावणातही आयन स्फटिकासारख्या जाळीत, ठरावीक अंतरावर मांडलेले असतात. क्षार विरल करत गेले की जाळी ताणली जाते, पण तिची रचना तीच राहते. विरुद्ध प्रभाराच्या जोडीला अलग करायला विद्युत बलाविरुद्ध कार्य करावे लागते. ज्या आयनांची गतिज ऊर्जा या कार्यापेक्षा जास्त तेच ‘मुक्त’, आणि तेच वाहकतेत व परासरण दाबात भाग घेतात.

यातून निघणारा निष्कर्ष फार सुबक आहे. आयनांमधले अंतर हे आकारमानाच्या घनमुळाच्या प्रमाणात असते. म्हणून अलग करण्याचे कार्य संहतीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, आणि मुक्त आयनांच्या अंशाचा लॉगॅरिदमही संहतीच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. सूत्रात जुळवून घेण्यासाठी एकही मोकळा स्थिरांक नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, आयनांचा प्रभार, तापमान आणि संहती एवढे दिले की उत्तर मिळते. तीस वर्षे अडलेल्या प्रश्नाला इतके स्वच्छ उत्तर मिळाल्यावर युरोपात त्याची चर्चा झाली नसती तरच नवल.

लवकरच टीकाही सुरू झाली. ती समजून घ्यायला वरच्याच तक्त्याकडे परत जाऊ. विचरणाच्या प्रमाणाच्या व्यस्ताचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढा. ०.००१, ०.०१ आणि ०.१ या संहतींना तो अनुक्रमे ०.०१९६, ०.०५९० आणि ०.१५०२ येतो. १ मोल प्रति लिटरला मोलर वाहकता सुमारे १११.९ आहे, तिथे तो ०.२९२ येतो. आता संहती दहापट झाल्यावर ही राशी कितीपट झाली ते पाहा: ३.०१, मग २.५५, मग १.९४. घोष यांचे घनमूळ खरे असेल तर दर वेळी दहाचे घनमूळ, म्हणजे २.१५ यायला हवे. वर्गमूळ खरे असेल तर ३.१६.

म्हणजे वक्र मधल्या संहतींना घनमुळाच्या उताराजवळून जातो. तेवढाच पट्टा तपासला तर घोष बरोबर वाटतात. पण द्रावण जसजसे विरल होते, तसा तो वर्गमुळाकडे सरकतो. विरल टोकाला वाहकता वर्गमुळाने बदलते हे कोलराउश यांना विसाव्या शतकाच्या आधीच मोजमापांतून दिसले होते. विद्युत बल सर्वांत साधे, इतर गुंतागुंतीपासून सर्वांत मोकळे जिथे असते, तेही विरल टोकच. सिद्धांताची खरी परीक्षा तिथे होते.

जाळी का टिकत नाही याचेही एक साधे गणित आहे. ०.००१ मोलर द्रावणात शेजारच्या आयनांमधले सरासरी अंतर साधारण ९.४ नॅनोमीटर येते. एकेरी प्रभाराच्या दोन आयनांमधली विद्युत ऊर्जा आणि ऊष्मीय ऊर्जा पाण्यात सुमारे ०.७ नॅनोमीटर अंतरावर सारख्या होतात. म्हणजे ९.४ नॅनोमीटरला विद्युत ओढ ही ऊष्मीय ऊर्जेच्या जेमतेम सात-आठ टक्के. इतक्या दुबळ्या दोरीने आयनांना जाळीत बांधून ठेवता येणार नाही. ते इकडेतिकडे धावणारच. घोष यांच्या मॉडेलमध्ये विद्युत बलाला जागा होती, पण ऊष्मीय गोंधळाला पुरेशी नव्हती.

४. झुरिच, १९२३

१९२३ मध्ये पीटर डेबाय आणि त्यांचे सहायक एरिख ह्युकेल यांचा निबंध ‘फिजिकालिश त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात आला. आज प्रत्येक पुस्तकात असलेला डेबाय-ह्युकेल सिद्धांत तो हाच. या निबंधातली एक तळटीप आपल्यासाठी महत्त्वाची आहे. या विषयाकडे आपण वळलो ते कशामुळे, हे डेबाय तिथे सांगतात: झुरिचच्या फिजिकल सोसायटीत बाउअर यांनी घोष यांच्या कामावर दिलेले व्याख्यान ऐकून. निबंधात त्यांनी घोष यांच्या गणिताची कठोर चिकित्सा केली आहे आणि मिल्नर यांच्या कामाची योग्यताही मान्य केली आहे.

डेबाय आणि ह्युकेल यांनी ब्येरम व घोष यांचे पूर्ण आयनीभवन ठेवले, पण जाळी टाकून दिली. तिच्या जागी त्यांनी असे चित्र आणले: एखादा धन आयन घ्या. त्याच्याभोवती सगळेच आयन धावपळ करत आहेत, पण काळाची सरासरी काढली तर जवळपास ऋण आयन थोडे जास्त सापडतील. म्हणजे प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे एक विरळ ‘वातावरण’ असते. ते किती दाट असेल हे बोल्ट्झमन यांचा ऊर्जावाटपाचा नियम सांगतो आणि त्यामुळे विभव किती होईल हे प्वासाँ यांचे समीकरण. दोन्ही एकत्र करायची आणि विभव लहान आहे असे मानून समीकरण सरळ रेषेत आणायचे. एवढे केले की उत्तर मिळते:

सक्रियता गुणांकाचा लॉग (पाया १०) = − ०.५०९ × प्रभारांचा गुणाकार × √(आयनिक बल), पाण्यासाठी, २५ अंश सेल्सिअसला.

येथे प्रभारांचा गुणाकार चिन्ह सोडून घ्यायचा. वर्गमूळ कुठून आले ते पाहा. वातावरणाची जाडी आयनिक बलाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते: ०.००१ ला सुमारे ९.६ नॅनोमीटर, ०.१ ला ०.९६, तर १ ला ०.३० नॅनोमीटर. शेजाऱ्यांमधले अंतर घनमुळाने बदलते, वातावरणाची जाडी वर्गमुळाने. घोष यांनी पहिली लांबी महत्त्वाची मानली, डेबाय यांनी दुसरी. दोन सिद्धांतांमधला फरक एका वाक्यात सांगायचा तर तो एवढाच आहे.

आणि लुईस-रँडल यांना मोजमापांतून मिळालेले आयनिक बल या सिद्धांतातून आपोआप बाहेर पडले. तसे का व्हावे, या उरलेल्या प्रश्नाला आता उत्तर मिळाले. १९२४ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि ला मर यांनी कोबाल्टच्या अवघड विरघळणाऱ्या संयुग क्षारांची विद्राव्यता अतिविरल द्रावणांत मोजली. वेगवेगळ्या प्रभारांच्या आयनांसाठी सरळ रेषांचे उतार सिद्धांताने सांगितल्याप्रमाणे आले.

वाहकतेची गोष्ट मात्र एवढ्यावर संपली नाही. डेबाय यांच्या वाहकतेच्या गणितात, हलणारा आयन सरळ रेषेत एकसारखा ओढला जातो असे मानले होते. त्याचे स्वतःचे ऊष्मीय हेलकावे धरलेच नव्हते. नॉर्वेचा तरुण लार्स ऑन्सागर झुरिचला जाऊन डेबाय यांना भेटला आणि त्याने ही उणीव सांगितली. डेबाय यांनी त्याला आपला सहायक नेमले. घोष यांच्या सिद्धांतात जो दोष डेबाय यांनी दाखवला होता, त्याच जातीचा दोष त्यांच्या स्वतःच्या कामात निघाला होता. तोही मोकळेपणाने दुरुस्त झाला.

५. नियम कुठे संपतो

डेबाय-ह्युकेलच्या सूत्राला ‘मर्यादा नियम’ म्हणतात. त्यातला ‘मर्यादा’ हा शब्द विद्यार्थी बहुधा वाचून सोडून देतात. खाण्याच्या मिठाचे, २५ अंशांचे आकडे पाहा.

| मोलॅलिटी | मोजलेला गुणांक | मर्यादा नियमाचा गुणांक |
|---|---|---|
| ०.००१ | ०.९६५ | ०.९६४ |
| ०.०१ | ०.९०२ | ०.८८९ |
| ०.१ | ०.७७८ | ०.६९० |
| १.० | ०.६५७ | ०.३१० |
| ६.० | ०.९८६ | ०.०५७ |

पहिल्या ओळीत सिद्धांत अप्रतिम आहे, शेवटच्या ओळीत निरुपयोगी. शिवाय मोजलेला गुणांक आधी खाली जातो आणि मग पुन्हा वर चढतो. सूत्र मात्र खालीच जात राहते. याचे कारण वरच्या जाडीच्या आकड्यांतच आहे. १ मोललला वातावरणाची जाडी ०.३ नॅनोमीटर, म्हणजे पाण्याने वेढलेल्या आयनाच्या आकाराइतकीच. जिथे ढगाची जाडी आयनाएवढी होते, तिथे ढगाच्या कल्पनेला अर्थ राहत नाही.

गुणांक वर का चढतो? कारण पाणी. मॅग्नेशियम क्लोराइडचा गुणांक ५ मोललला सुमारे १४ असतो, एकपेक्षा चौदापट! एक किलोग्रॅम पाण्यात ५५.५ मोल पाणी असते. प्रत्येक मॅग्नेशियम आयनाने सहा रेणू स्वतःभोवती पक्के धरून ठेवले, तर ५ मोल मॅग्नेशियमने ३० मोल पाणी अडवले. उरलेल्या २५.५ मोल पाण्यातच सगळा क्षार विरघळला आहे असे होते. द्रावण कागदावर दिसते त्यापेक्षा कितीतरी घट्ट असते. रॉबिन्सन आणि स्टोक्स यांनी ही जलयोजनाची कल्पना १९४० च्या दशकात गणितात आणली. त्यांची अपघटनी द्रावणांवरील १९५५ ची ग्रंथसंपदा आजही आकड्यांसाठी उघडली जाते. हे आकडे मिळवण्याची एक पद्धत अगदी साधी आहे. एका बंद, निर्वात पेटीत दोन वाट्या ठेवायच्या. एकीत परिचित क्षाराचे द्रावण, दुसरीत अपरिचित. पाण्याची वाफ एकीतून दुसरीत जात राहते, आणि दोन्हींतल्या पाण्याची सक्रियता सारखी झाली की थांबते. मग वाट्या वजन करायच्या.

तांबे, जस्त, मॅग्नेशियम यांच्या सल्फेटांची अडचण याच्या उलट आहे. दोन्ही आयनांवर दुहेरी प्रभार असल्यामुळे ते एकमेकांना घट्ट बिलगतात. ब्येरम यांनी १९२६ मध्ये अशा आयन-जोड्यांचे गणित मांडले. म्हणजे सतरा वर्षांपूर्वी पूर्ण आयनीभवनाचा आग्रह धरणाऱ्या शास्त्रज्ञानेच, जिथे गरज होती तिथे, जोडीची कल्पना परत आणली. १ मोलल कॉपर सल्फेटचा मोजलेला गुणांक सुमारे ०.०४३ आहे. द्रावण आदर्श मानून गुणांक १ धरला तर आपण तेवीसपट वर जातो. मर्यादा नियम लावला तर गुणांक ०.०००१ पेक्षाही खाली येतो, म्हणजे काहीशे पट चूक उलट्या दिशेला. तांबे शुद्धीकरणाच्या टाकीचे गणित करणाऱ्याला दोन्ही परवडणारे नाहीत.

ह्युकेल यांनी १९२५ मध्ये, गुगेनहाइम यांनी १९३५ मध्ये आणि डेव्हिस यांनी १९३८ मध्ये सूत्रात दुरुस्तीची पदे जोडली. या सूत्रांनी वापराचा पट्टा वाढवला. पण समुद्राच्या पाण्यापलीकडच्या दाट द्रावणांना ती पुरेशी नव्हती.

६. पिट्झर आणि समुद्राचे पाणी

१९७३ मध्ये बर्कलीच्या केनेथ पिट्झर यांनी वेगळा विचार केला. खऱ्या वायूंसाठी आपण आदर्श नियमात दोन-दोन रेणूंच्या टकरीचे एक पद आणि तीन-तीन रेणूंचे दुसरे पद जोडतो, म्हणजे व्हिरिअल समीकरण लिहितो. पिट्झर यांनी विरल टोकाला डेबाय-ह्युकेलचा भाग तसाच ठेवला आणि त्यावर आयनांच्या जोड्यांचे व त्रिकुटांचे पद चढवले. जोड्यांच्या पदाला त्यांनी आयनिक बलानुसार बदलू दिले. मिठासाठी ०.०७६५, ०.२६६४ आणि ०.००१२७ हे तीन आकडे पुरतात, आणि सूत्र ६ मोललपर्यंत, म्हणजे जवळजवळ संपृक्ततेपर्यंत, मापनाशी जुळते. तांबे-जस्ताच्या सल्फेटांसाठी १९७४ मध्ये पिट्झर आणि मायोर्गा यांनी एक जादा पद घातले.

हे तीन आकडे मापनातून जुळवलेले आहेत. घोष यांच्या सूत्रात एकही जुळवलेला आकडा नव्हता, पिट्झरच्या सूत्रात प्रत्येक क्षाराला तीन-चार आहेत. मग हे सिद्धांताचे पाऊल मागे पडणे नाही का? हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मिश्रणांतून मिळते. एकेका क्षारावर जुळवलेले आकडे आणि साध्या मिश्रणांतून काढलेली थोडी पदे घेऊन, ज्या गुंतागुंतीच्या मिश्रणावर काही जुळवलेच नाही त्याचे वर्तन सांगता आले, तर मॉडेलमध्ये काहीतरी खरे आहे.

अशी परीक्षा समुद्राच्या पाण्याने घेतली. इटलीच्या उसिग्लिओ यांनी १८४९ मध्ये भूमध्य समुद्राचे पाणी आटवून क्षार कोणत्या क्रमाने बसतात याची नोंद केली होती: आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, मग मीठ, शेवटी मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार. व्हान्ट हॉफ यांनी १८९६ मध्ये बर्लिनला गेल्यावर पुढची अनेक वर्षे स्टासफुर्टच्या खाणींतल्या क्षारांच्या अशाच अभ्यासाला दिली. सूत्र नसल्यामुळे प्रत्येक बिंदू प्रयोगाने गाठावा लागला. १९८० मध्ये हार्वी आणि विअर यांनी पिट्झरची समीकरणे वापरून सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, क्लोराइड आणि सल्फेट यांच्या मिश्रणातील खनिजांची विद्राव्यता २५ अंशांना काढली. १९८४ मध्ये मोलर या सहकारी संशोधकांसह त्यांनी कार्बोनेट आणि आम्ल-अल्कली यांचीही भर घातली. ज्यासाठी व्हान्ट हॉफ यांच्या प्रयोगशाळेला वर्षे लागली, ते आता गणिताने मिळू लागले.

आपल्या देशात हा विषय पुस्तकी नाही. गुजरातच्या मिठागरांत मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम असते. ते कोणत्या टप्प्यावर, कोणत्या क्षाराच्या रूपात वेगळे काढता येईल, हा याच समीकरणांचा प्रश्न आहे. भावनगरला १९५४ मध्ये सुरू झालेली केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्था या क्षेत्रात काम करते.

अभियंत्यांसाठी आणखी एक वाट १९८२ मध्ये चेन आणि सहकाऱ्यांनी काढली. आसवनाच्या गणितात वापरले जाणारे एनआरटीएल मॉडेल त्यांनी आयनांसाठी विस्तारले. संगणकावर संपूर्ण कारखान्याचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आज ‘इलेक्ट्रोलाइट एनआरटीएल’ हा पर्याय दिसतो तो यामुळे.

७. समारोप: घोष यांचे काय करायचे?

माझ्या वर्गात हा भाग शिकवताना दोन प्रतिक्रिया हमखास येतात. काहींना वाटते, भारतीय शास्त्रज्ञाचे श्रेय युरोपियनांनी घेतले. काहींना वाटते, चुकीचा ठरलेला सिद्धांत शिकायचाच कशाला. दोन्ही मते तक्त्यापुढे टिकत नाहीत. विरल टोकाला वर्गमूळ जिंकते. ते कोणाच्या देशावर अवलंबून नाही. पण डेबाय यांना या प्रश्नाकडे वळवले ते घोष यांच्या कामाने, आणि हे डेबाय यांनी स्वतः छापून ठेवले आहे. घोष यांचे गृहीतक इतके स्पष्ट होते, आणि त्यातून निघणारा आकडा इतका नेमका, की तो चूक आहे हे दाखवता आले. मोकळे स्थिरांक घालून जुळवलेले सूत्र असे पडत नाही, पण कोणाला नव्या प्रश्नाकडे नेतही नाही.

घोष पुढे ढाका विद्यापीठात प्राध्यापक झाले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचे पहिले संचालकही. देशातले कितीतरी अभियंते त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेतून शिकून बाहेर पडले.

आज सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल निवडायला एक क्लिक लागतो, आणि चुकीचे मॉडेल निवडले तरी उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत छापून येते. त्या क्लिकच्या आधी तीन गोष्टी विचारायची सवय लावा. माझ्या द्रावणाचे आयनिक बल किती? या मॉडेलने काय गृहीत धरले आहे? आणि त्याचे आकडे कोणत्या संहतीपर्यंत मापनाशी ताडून पाहिलेले आहेत? शंभर वर्षांतला प्रत्येक वाद या तीनपैकी एका प्रश्नावर होता.

स्वाध्याय

१. पोटॅशियम क्लोराइडच्या तक्त्यातील आकड्यांवरून, अनंत विरलतेची आणि प्रत्यक्ष मोलर वाहकता यांतील फरक काढा. संहती दहापट झाल्यावर तो कितीपट होतो? हे उत्तर वर्गमुळाच्या जवळ आहे की घनमुळाच्या?

२. ०.०१ मोलल कॉपर सल्फेटचे आयनिक बल काढा आणि मर्यादा नियमाने त्याचा सक्रियता गुणांक मोजा. त्याच मोलॅलिटीच्या मिठापेक्षा तो इतका कमी का?

३. ०.१ मोलर मिठाच्या द्रावणात शेजारच्या आयनांमधले सरासरी अंतर काढा आणि त्याची तुलना वातावरणाच्या जाडीशी करा. ०.००१ मोलरच्या तुलनेत काय बदलले?

४. जुळवलेल्या आकड्यांची संख्या वाढवून मिळालेला अचूकपणा केव्हा विश्वासार्ह मानावा? समुद्राच्या पाण्याच्या उदाहरणावरून आपले मत दहा ओळींत लिहा.